बाल्कन लष्करी पदकांचे संग्रहण

बाल्कन लष्करी पदकांचे संग्रहण म्हणजे आग्नेय युरोपातील सर्बिया, माँटेनेग्रो, बल्गेरिया, ग्रीस, रोमेनिया, अल्बेनिया आणि पूर्वीचा युगोस्लाव्हिया या राज्यांनी १९व्या व २०व्या शतकांत दिलेली शौर्यपदके, युद्धस्मृतिपदके व सन्मानश्रेणींची चिन्हे जमवण्याचा, ओळखण्याचा आणि त्यांचा इतिहास शोधण्याचा उद्योग होय. पदके व सन्मानचिन्हे यांच्या अभ्यासाला फॅलेरिस्टिक्स म्हणतात. रोमन सैनिक छातीवर जे धातूचे तबकडीवजा अलंकार मिरवत, त्यांच्या ‘फॅलेरा’ या लॅटिन नावावरून हा शब्द आला आहे. नाणकशास्त्राशी या विषयाचे जवळचे नाते आहे, पण एक महत्त्वाचा फरक आहे. नाणे कोणाच्याही हातातून फिरते, पदक मात्र एका विशिष्ट माणसाला, एका विशिष्ट कृत्यासाठी दिलेले असते. म्हणून पदकाचे मोल ठरवताना धातूपेक्षा त्यामागच्या माणसाचा शोध अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि बाल्कन प्रदेशात नेमका हाच शोध सर्वांत कठीण जातो.

रोमेनिया बाल्कनमध्ये मोडतो की नाही, याविषयी भूगोलतज्ज्ञांत एकमत नाही. संग्राहक मात्र या वादात फारसे पडत नाहीत. १८७७-७८चे रशिया-तुर्कस्तान युद्ध, १९१२-१३ची बाल्कन युद्धे आणि दोन महायुद्धे या सर्वांत रोमेनियाचा सहभाग असल्याने त्याची पदके याच संग्रहात धरण्याची प्रथा आहे.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

१९व्या शतकाच्या आरंभी बाल्कनचा बहुतेक भाग ऑटोमन साम्राज्याच्या ताब्यात होता. या साम्राज्यातून एकेक राज्य बाहेर पडत गेले आणि प्रत्येक नव्या राज्यकर्त्याने ध्वज, नाणे व सैन्य यांबरोबर स्वतःची सन्मानश्रेणीही निर्माण केली. स्वतंत्र राज्य असल्याचा तो एक पुरावाच मानला जाई. ग्रीसमध्ये ‘ऑर्डर ऑफ द रिडीमर’ स्थापन करण्याचा ठराव १८२९मध्ये आर्गोस येथील राष्ट्रीय सभेने केला आणि राजा ओटो याने १८३३मध्ये ती प्रत्यक्षात आणली. माँटेनेग्रोचा राजा-धर्मगुरू व कवी पेटार दुसरा पेट्रोविच न्येगोश याने १८४७मध्ये सोन्याचे ‘ओबिलिच पदक’ सुरू केले. राजपुत्र दानिलो पहिला याने १८५३मध्ये स्वतःच्या नावाची ऑर्डर काढली. सर्बियाचा राजपुत्र मिहाइलो ओब्रेनोविच याने १८६५मध्ये ‘ताकोवो क्रॉस’ स्थापन केला. १८१५च्या दुसऱ्या सर्बियन उठावाची सुरुवात ताकोवो या गावी झाली होती, तिला या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती. रोमेनियात कारोल पहिला याने १८७२मध्ये ‘व्हिर्तुतेआ मिलितारा’ म्हणजे लष्करी शौर्याचे पदक काढले, तर बल्गेरियाचा पहिला राजपुत्र अलेक्झांडर बाटेनबर्ग याने १ जानेवारी १८८० रोजी ‘शौर्य’ ऑर्डरची स्थापना केली.

दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्यही आपल्या सैनिकांना याच भूमीवरील मोहिमांसाठी पदके देत होते. १८६२-६३ची माँटेनेग्रोवरील मोहीम आणि १८७७चा प्लेव्हनाचा वेढा यांची ऑटोमन पदके आहेत. प्लेव्हनाच्या त्याच वेढ्यात समोरच्या बाजूने लढलेल्या रोमेनियन सैन्याच्या आठवणींसाठीही १८७८मध्ये ‘डॅन्यूब पार करण्याचा क्रॉस’ दिला गेला. १८८१मध्ये कारोल राजा झाला, तेव्हा त्याचा मुकुट प्लेव्हना येथे जिंकलेल्या तोफेच्या पोलादापासून बनवला होता. एकाच लढाईची दोन्ही बाजूंची पदके शेजारी ठेवणे हा या संग्रहणाचा एक जुना आणि अर्थपूर्ण प्रकार आहे.

== प्रमुख पदके ==

=== सर्बिया व माँटेनेग्रो ===

सर्बियन पदकांचा इतिहास दोन राजघराण्यांच्या वैराशिवाय समजत नाही. ओब्रेनोविच आणि कराजॉर्जेविच या घराण्यांत शतकभर सत्तेची पाळी बदलत राहिली. जून १९०३मध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी राजा अलेक्झांडर ओब्रेनोविच व राणी द्रागा यांची बेलग्रेडच्या राजवाड्यात हत्या केली आणि पेटार पहिला कराजॉर्जेविच गादीवर आला. ओब्रेनोविच घराण्याशी थेट जोडलेला ताकोवो क्रॉस रद्द झाला. राजा मिलान याने १८८३मध्ये स्थापन केलेला ‘पांढरा गरुड’ मात्र टिकला. फक्त चिन्हाच्या मागील बाजूवरचे मिलानचे नामचिन्ह गेले आणि त्याजागी सर्बिया राज्य घोषित झाल्याचे वर्ष, १८८२, आले. त्यामुळे ‘पांढरा गरुड’ हातात घेतल्यावर संग्राहक आधी तो उलटा करून पाहतो. मागची बाजू पाहिली की तो हत्येपूर्वीचा की नंतरचा, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

पेटार पहिला याने १९०४मध्ये ‘कराजॉर्ज तारा’ ही नवी ऑर्डर सुरू केली. १८०४च्या पहिल्या सर्बियन उठावाचा नेता कराजॉर्ज हा त्याचा आजोबा. तिच्यावर ‘श्रद्धा व स्वातंत्र्यासाठी १८०४’ अशा अर्थाची सर्बियन अक्षरे आहेत. रणांगणावरील कामगिरीसाठी दिलेल्या चिन्हांवर एकमेकांना छेदणाऱ्या तलवारी असतात. अधिकाऱ्यांची चिन्हे वेगळी आणि सैनिकांसाठीचा सोनेरी व रुपेरी ‘सैनिकी तारा’ वेगळा. तलवारींचा प्रकार लष्करी व बिगरतलवारींचा नागरी, हा नियम सोपा दिसतो. पण बिनतलवारींच्या चिन्हाला नंतर तलवारी जोडून ते महाग करण्याची लबाडी फार जुनी आहे. जोडणीच्या जागी डाखाचा रंग, आसपासच्या मीनाकारीला उष्णतेमुळे गेलेले तडे किंवा तलवारींचा व ताऱ्याचा मुलामा यांतील फरक यांवरून ती उघडकीस येते.

बाल्कन युद्धांच्या काळात, १९१३मध्ये, ‘मिलोश ओबिलिच शौर्यपदक’ सुवर्ण व रौप्य अशा दोन श्रेणींत सुरू झाले. १३८९मधील कोसोवोच्या लढाईत सुलतान मुराद पहिला याला मारणारा वीर म्हणून सर्बियन लोककाव्यांत गायला जाणारा ओबिलिच या पदकाच्या दर्शनी बाजूवर शिरस्त्राणासह कोरला आहे. त्याचे आरेखन शिल्पकार जॉर्जे योव्हानोविच यांचे आहे. माँटेनेग्रोचे १८४७चे पदकही याच वीराच्या नावाचे आहे. पण ती दोन वेगळी पदके आहेत आणि माँटेनेग्रोचे ओबिलिच पदक कितीतरी अधिक दुर्मीळ आहे. ते त्या छोट्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक होते आणि मोजक्याच वीरांना मिळाले.

१९१५-१६च्या हिवाळ्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी व बल्गेरिया यांच्या रेट्यापुढे सर्बियाचे सैन्य, राजा आणि असंख्य नागरिक अल्बेनियाचे बर्फाच्छादित डोंगर पायी ओलांडून एड्रियाटिक किनाऱ्याला पोहोचले व तेथून कोर्फू बेटावर गेले. वाटेत थंडी, उपासमार आणि टायफसने हजारो मेले. या माघारीतून वाचलेल्यांसाठी राजप्रतिनिधी अलेक्झांडर याने १९२०मध्ये ‘अल्बेनियन स्मृतिपदक’ सुरू केले. त्यावर ‘आपल्या युद्धसोबत्यांना, अलेक्झांडर’ अशा आशयाची ओळ आहे. हे पदक अतिदुर्मीळ नाही. सर्बियन कुटुंबांत मात्र त्याला जो मान आहे तो बहुमोल ताऱ्यांनाही नाही. बाजारभाव आणि मान यांतील ही तफावत नव्या संग्राहकाने आरंभीच ध्यानात घ्यावी अशी आहे.

माँटेनेग्रो १९१०मध्ये राज्य झाले आणि १९१८मध्ये सर्बियात विलीन होऊन नकाशावरून नाहीसे झाले. राजा निकोला फ्रान्समध्ये निर्वासित होता. तेथूनही तो पदके देत राहिला आणि १९२१मध्ये अँतिब येथे मरण पावला. निर्वासनातील या पदकांचे घडणावळ व धातू आधीच्या व्हिएन्नातील कामापेक्षा वेगळे आहेत. ती बनावट आहेत असे समजून कित्येकदा टाकून दिली गेली, तर कधी उलट खरोखरीची बनावट पदके ‘निर्वासनातील’ म्हणून खपवली गेली.

=== बल्गेरिया ===

बल्गेरियाची ‘शौर्य’ ऑर्डर हा या क्षेत्रातील बहुधा सर्वाधिक अभ्यासला गेलेला विषय आहे. तिच्या चार श्रेणी होत्या आणि सामान्य सैनिकांसाठी वेगळे क्रॉस होते. १८८५च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धातील स्लिव्हनित्साच्या विजयानंतर ती प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. पहिल्या महायुद्धातील चिन्हांवर १९१५ आणि दुसऱ्या महायुद्धातील चिन्हांवर १९४१ हे वर्ष आढळते, त्यामुळे कालनिश्चिती सोपी वाटते. पहिली श्रेणी राजे व मोजके सेनानी यांच्यापुरतीच राहिली. १९४६मध्ये राजेशाहीबरोबर ऑर्डरही गेली आणि २००३मध्ये नव्या स्वरूपात परत आली.

याउलट १९३३मध्ये सुरू झालेले १९१५-१८च्या युद्धाचे बल्गेरियन स्मृतिपदक आजही सहज मिळते. पडलेल्या सैनिकांच्या वारसांनाही ते दिले जाई आणि त्यांच्यासाठी फितीत काळी पट्टी असे. नवशिक्याने सुरुवात करावी ती अशा स्वस्त पण खात्रीच्या पदकापासून, असे जाणते संग्राहक सांगतात, आणि हा सल्ला रास्त आहे.

=== ग्रीस, रोमेनिया, अल्बेनिया ===

ग्रीसच्या ‘रिडीमर’ ऑर्डरच्या पहिल्या चिन्हांवर राजा ओटोचे चित्र होते. १८६२मध्ये ओटो पदच्युत झाल्यावर ते काढून ख्रिस्ताची प्रतिमा आली. ग्रीसचा ‘शौर्य क्रॉस’ कायद्याने १९१३मध्ये अस्तित्वात आला. प्रत्यक्षात तो आशिया मायनरमधील मोहिमेच्या वेळी, १९२१मध्येच, वाटला गेला. बाल्कन युद्धांच्या ग्रीक पदकांच्या फितींवर सारांतापोरो, यानित्सा, बिझानी, किल्किस अशा लढायांच्या नावांच्या पट्ट्या असतात. कोणत्या पट्ट्या एकत्र असू शकतात हे त्या त्या पलटणीच्या हालचालींशी ताडून पाहता येते. एकाच सैनिकाच्या फितीवर अशक्य पट्ट्या दिसल्या तर फीत नंतर कोणीतरी ‘सजवली’ आहे असे समजावे. १९१३च्या ग्रीस-बल्गेरिया युद्धाच्या पदकावर बायझंटाइन सम्राट बॅसिल दुसरा याला कोरले आहे. इतिहासात त्याला ‘बल्गेरियनांचा संहारक’ म्हणत. तब्बल ९०० वर्षांपूर्वीचे वैर पदकावर आणण्याचा हा प्रकार बाल्कन पदकांत एकटा नाही.

रोमेनियाच्या राजा फर्डिनांड याने १९१६मध्ये ‘मिहाई व्हितेआझुल’ म्हणजे शूर मिहाई या ऑर्डरची स्थापना केली. तिच्या चिन्हांवर १९१६, १९४१ किंवा १९४४ हे वर्ष असते आणि ही तीन वर्षे रोमेनियाच्या नियतीची तीन वळणे सांगतात. १९४१चा क्रॉस जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत सैन्याशी लढताना मिळालेला आहे, तर १९४४चा क्रॉस ऑगस्ट १९४४मध्ये देशाने बाजू बदलल्यावर जर्मनांशी लढताना मिळालेला आहे. एकाच अधिकाऱ्याला दोन्ही मिळणे अशक्य नव्हते. १९४७च्या अखेरीस राजा मिहाई याला पदत्याग करावा लागला, राजेशाही संपली आणि ऑर्डरही गेली. २०००मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले.

दुर्मीळतेच्या बाबतीत अल्बेनिया सर्वांवर मात करतो. जर्मन राजपुत्र विल्हेल्म फॉन वीड ७ मार्च १९१४ रोजी दुर्रेस बंदरात उतरला आणि ३ सप्टेंबरला देश सोडून गेला. या सहा महिन्यांत त्याने ‘काळा गरुड’ ऑर्डर स्थापन केली. तिची अस्सल चिन्हे अर्थातच फार थोडी आहेत. पुढे अहमद झोगू याने १९२५मध्ये ‘स्कँडरबेग’ व १९२६मध्ये ‘बेसा’ या ऑर्डरी सुरू केल्या. बेसा म्हणजे अल्बेनियन लोकजीवनातील दिलेल्या शब्दाचे पावित्र्य. १९३९मध्ये इटलीने देश बळकावल्यावर स्कँडरबेगचे चिन्ह फॅसिस्ट राजवटीच्या खुणेसह नव्याने बनवले गेले.

=== युगोस्लाव्हिया ===

दुसऱ्या महायुद्धातील पार्टिझन चळवळीने १५ ऑगस्ट १९४३ रोजी स्वतःची पदके जाहीर केली. त्या वेळी डोंगरात लढणाऱ्या सैन्याजवळ टाकसाळ नव्हती, त्यामुळे आरंभी नुसतेच आदेश निघाले आणि चिन्हे नंतर आली. सुरुवातीची चिन्हे मॉस्कोच्या टाकसाळीत तयार झाली. त्यांच्यावर अनुक्रमांक असून मागे स्क्रू असतो. पुढे हे काम झाग्रेबमधील कारखान्यांकडे गेले. ‘लोकवीर’ ऑर्डर १,३०० हून अधिक जणांना मिळाली. ‘पार्टिझन स्मृतिचिन्ह १९४१’ पहिल्या वर्षापासून लढलेल्यांना दिले जाई आणि त्यांची संख्या सुमारे २७,००० होती. क्रमांकामुळे ज्याला ते दिले त्याचा पत्ता कधीकधी लागू शकतो. बाल्कन पदकांत ही सोय अपवादानेच मिळते.

== दुर्मीळतेची कारणे ==

कमी संख्येने दिली गेली म्हणून पदक दुर्मीळ, हे कारण वरवरचे आहे. अधिक खोल कारण म्हणजे राजवटींचा वारंवार झालेला अंत. १९०३ची हत्या, १९१८चे विलीनीकरण, १९४५ ते १९४७ दरम्यान युगोस्लाव्हिया, बल्गेरिया व रोमेनिया या तिन्ही देशांत संपलेली राजेशाही, या प्रत्येक वेळी कालपर्यंत छातीवर मिरवलेले पदक आज घरात ठेवणेही धोक्याचे ठरू शकत होते. राजाचे नामचिन्ह असलेली चिन्हे जमिनीत पुरली गेली, विहिरीत टाकली गेली किंवा सोनाराकडे वितळली गेली. चांदीची व सोन्याची चिन्हे महागाईच्या व उपासमारीच्या काळात आधी गेली. त्यामुळे कित्येकदा एखाद्या ऑर्डरची वरची, मौल्यवान धातूची श्रेणी दुर्मीळ आणि कांस्याची श्रेणी मुबलक दिसते. दोन्हींच्या वाटपाचे मूळ प्रमाण मात्र इतके विषम नव्हते.

अनेक देशांत वरची श्रेणी मिळाल्यावर खालची परत करावी लागे आणि मृत्यूनंतर वारसांनी चिन्ह सरकारजमा करावे, असाही नियम असे. परत आलेले चिन्ह पुन्हा दुसऱ्याला दिले जाई, त्यामुळे एकच चिन्ह तीन-चार छातींवर चढलेले असू शकते.

पदके भौगोलिकदृष्ट्याही विखुरली. पहिल्या महायुद्धात मित्रदेश एकमेकांच्या सैनिकांना मुक्तहस्ते पदके देत. म्हणून सर्बियन पदके फ्रान्स व ब्रिटनमध्ये, तर बल्गेरियन पदके जर्मनी व ऑस्ट्रियात अधिक सापडतात. ब्रिटिश स्त्री फ्लोरा सँड्स सर्बियन सैन्यात सैनिक म्हणून लढली आणि तिला कराजॉर्ज तारा मिळाला. स्कॉटलंडच्या डॉक्टर एल्सी इंग्लिस यांना ‘पांढरा गरुड’ मिळाला. सर्बियाची मिलुंका साविच हिला कराजॉर्ज तारा तलवारींसह दोनदा आणि मिलोश ओबिलिच सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय तिला फ्रान्स व ब्रिटनचेही सन्मान मिळाले. १९९०च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९३च्या महागाईने बचती नाहीशा झाल्या, तेव्हा आजोबांच्या पेटीतील पदके बेलग्रेडच्या व सोफियाच्या जुन्या बाजारांत चादरीवर मांडून विकली गेली. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी ती घाऊक उचलली. त्या काळात पदक आणि त्याचे प्रमाणपत्र यांची फारकत झाली, आणि ती आता भरून निघणे जवळजवळ अशक्य आहे.

== अस्सलपणाची पारख ==

=== निर्माते व कसचिन्हे ===

या राज्यांपैकी बहुतेकांजवळ आरंभी चांगली टाकसाळ नव्हती. चिन्हे व्हिएन्नातील रोथे, शाइड, विन्सेंत्स मायर अशा पेढ्या, पॅरिसमधील आर्थुस-बेर्त्रां, स्वित्झर्लंडमधील ह्युगेनँ बंधू यांच्याकडून करून घेतली जात. पुढे बुखारेस्टमध्ये योसेफ रेश, अथेन्समध्ये केलाइदिस, युगोस्लाव्हियात वाराझदिनचे सोर्लिनी अशी स्थानिक नावे आली. चिन्हावरचे कसचिन्ह म्हणूनच निर्णायक ठरते. ऑस्ट्रियन चांदीवर डायना देवीचे मस्तक आणि कसाचा क्रमांक असतो. हे चिन्ह १८६०च्या दशकापासून १९२२पर्यंत वापरात होते. फ्रेंच चांदीवर पॅरिसमध्ये रानडुकराचे मस्तक आणि १८ कॅरेट सोन्यावर गरुडाचे मस्तक उमटवत. ज्या चिन्हावर डायनाचे मस्तक आहे आणि ज्याची रचना १९३०च्या दशकातील आहे, ते काहीतरी चुकले असल्याची खूण आहे.

=== लिपी व दिनदर्शिका ===

बल्गेरियात १९४५मध्ये शुद्धलेखन सुधारले गेले. शब्दांच्या अंती येणारी मूक अक्षरे व काही जुनी अक्षरे गेली. त्यामुळे १९४५पूर्वीचे म्हणून दाखवलेले चिन्ह नव्या शुद्धलेखनात असेल, तर त्याला भिंग लावण्याचीही गरज नाही. बनावट करणारे अनेकदा लिपी नीट जाणत नाहीत. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या सिरिलिक अक्षरांची अदलाबदल, उलटे कोरलेले अक्षर, ग्रीक नावातील चुकीचा स्वर अशा चुका त्यांच्या हातून हमखास होतात.

दिनदर्शिकेचा घोळ त्याहून सूक्ष्म आहे. बल्गेरियाने १९१६मध्ये, युगोस्लाव्हिया व रोमेनियाने १९१९मध्ये आणि ग्रीसने १९२३मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली. त्यापूर्वी जुलियन दिनदर्शिका चालत असे. ती १९व्या शतकात १२ व २०व्या शतकात १३ दिवसांनी मागे होती. त्यामुळे प्रमाणपत्रावरची तारीख आणि युद्धाच्या इतिहासातील तारीख यांत १२-१३ दिवसांचा फरक दिसला तर तो दोष नव्हे. उलट १९१२च्या सर्बियन कागदावर नवी दिनदर्शिका बिनचूक पाळलेली दिसली तर शंका घ्यावी.

=== घडण, मीनाकारी, फीत ===

अस्सल चिन्ह पोलादी ठशाने दाबून घडवलेले असते, बनावट बहुधा साच्यात ओतलेले असते. ओतीव धातूच्या पृष्ठभागावर भिंगातून सूक्ष्म खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि काठावर कानशीचे ओरखडे उरतात. अस्सल चिन्हावरून साचा घेतला असेल तर थंड होताना धातू आकसल्याने नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते. म्हणून व्यास व वजन मोजून ते ज्ञात अस्सल नमुन्यांशी ताडणे ही पहिली पायरी. जुनी मीनाकारी भट्टीत भाजलेल्या काचेची असते. तिच्यात बारीक तडे जातात, पण नखाने किंवा सुईने ती ओरखडली जात नाही. नव्या नकलांत राळेसारखा रंग भरलेला असतो, तो मऊ असतो आणि कडेला किंचित फुगलेला दिसतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची ‘घरगुती’ चाचणी काही जण करतात. खऱ्या चिन्हालाही तिने इजा होते, म्हणून ती न केलेली बरी.

फीत अनेकदा बदललेली असते आणि तेवढ्यावरून चिन्हाला बाद करू नये. सर्बियन, माँटेनेग्रिन व बल्गेरियन फिती ऑस्ट्रियन पद्धतीने त्रिकोणी घडी घालून लावलेल्या असतात. ग्रीक व रोमेनियन फिती सरळ लोंबतात. अतिनील दिव्याखाली जी फीत किंवा तिचा शिवणीचा दोरा निळसर चमकतो, त्यात १९५०च्या आसपास प्रचारात आलेली प्रकाशवर्धक रसायने असल्याची शक्यता असते. चिन्ह अस्सल आणि दोरा नवा, असेही होऊ शकते. दिव्याचा निकाल दोऱ्यापुरताच मानावा.

जुन्या ऑर्डरींच्या पुनरुज्जीवनाने आणखी एक अडचण निर्माण केली आहे. सर्बियाने २००९च्या कायद्याने कराजॉर्ज तारा परत आणला, बल्गेरियाने व रोमेनियाने त्याआधीच असे केले होते. या नव्या, कायदेशीर चिन्हांची रचना जुन्यांशी मिळतीजुळती आहे, ती जुनी म्हणून विकली जातात. बनावट नसूनही ती फसवणूक आहे.

== माहितीचे जतन आणि नैतिक प्रश्न ==

एकाच सैनिकाची पदके, प्रमाणपत्रे, छायाचित्रे एकत्र असतील तर त्या संचाला इतिहासाचे मोल असते. व्यापारात मात्र संच फोडून एकेक वस्तू विकली तर अधिक पैसे मिळतात. तारा एका खंडात, स्मृतिपदक दुसऱ्या खंडात आणि प्रमाणपत्र रद्दीत, अशी कित्येक संचांची गत झाली आहे. जबाबदार संग्राहक खरेदीची तारीख, आधीच्या मालकाची माहिती व दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवून ठेवतो आणि संच फोडत नाही. खरे तर संग्राहक आणि साठेबाज यांतील फरक एवढ्याच नोंदवहीने पडतो. बेलग्रेडच्या कालेमेग्दान किल्ल्यातील लष्करी संग्रहालय, सोफियाचे राष्ट्रीय लष्करी इतिहास संग्रहालय, अथेन्सचे युद्धसंग्रहालय व बुखारेस्टचे राष्ट्रीय लष्करी संग्रहालय येथील नमुने तुलनेसाठी विश्वसनीय आधार ठरतात.

दुसरा प्रश्न पदकामागच्या कृत्याचा. सर्बियाच्या १९१२च्या स्मृतिपदकावर कोसोवोचा सूड घेतल्याचा उल्लेख आहे. सर्बियन वाचकाला तो मुक्तीचा, तर अल्बेनियन वाचकाला आक्रमणाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातील उस्ताशा राजवटीने दिलेली पदके आजही चढ्या भावाने विकली जातात. ही राजवट सर्ब, ज्यू व रोमा लोकांच्या हत्याकांडाला जबाबदार होती. अशी पदके इतिहासाचा पुरावा म्हणून जपणे आणि गौरवाची वस्तू म्हणून भिंतीवर लावणे यांत अंतर आहे. वर्णनपत्रात राजवटीचे स्वरूप लिहिलेले नसेल तर ते अंतर पुसले जाते. १९९०च्या दशकातील युद्धांत दिली गेलेली पदके तर ज्यांचे नातेवाईक त्या युद्धांत मेले ते जिवंत असताना विक्रीला येत आहेत. काही संग्राहक ती मुळीच घेत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने बल्गेरियात २००९चा सांस्कृतिक वारसा कायदा लागू आहे. या प्रदेशातील इतर देशांतही जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे खरेदीपूर्वी निर्यातीचा परवाना लागतो का, हे विक्रेत्याकडे नव्हे तर त्या देशाच्या संबंधित खात्याकडे विचारणे इष्ट. भारतात १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

== भारताशी संबंध ==

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सेनेतील काही सैनिकांनाही सर्बियाच्या राजाने पदके दिली. मित्रराष्ट्राकडून आलेली ही पदके ब्रिटिश सरकारमार्फत वाटली गेली आणि त्यांची नावे ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली गेली. नावे अनेकदा इंग्रजी उच्चारानुसार मोडूनतोडून लिहिलेली असतात आणि गावाचा उल्लेख नसतो, त्यामुळे पदकावरून कुटुंबापर्यंत पोहोचण्यासाठी पलटणीच्या नोंदी पाहाव्या लागतात. ग्रीसमधील थेसालोनिकी आघाडीवर खेचरांच्या तांड्यांसह भारतीय तुकड्या रसद वाहत होत्या. त्यांतील मृतांसाठी शहराजवळ मोनास्तिर रस्त्यावर भारतीय दफनभूमी आहे.